आर्किटेक्चरच्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग कसं शिकवावं? दारांच्या शेड्यूलपासून सुरू करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कॉम्प्युटर इंजिनिअर आहात, एका आर्किटेक्चर कॉलेजात तिसऱ्या वर्षाला पायथनचं इलेक्टिव्ह घेताय. व्हेरिएबल, लूप, फंक्शन इथपर्यंत मुलं छान आली, पण क्लास आणि ऑब्जेक्ट सुरू झालं आणि वर्ग थंड पडला. तुम्ही प्राणी-कुत्रा-मांजर घेतलं, बँक अकाउंट घेतलं, मग 'क्लास म्हणजे ब्लूप्रिंट आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बांधलेलं घर' असंही सांगून बघितलं, की निदान हे तरी यांच्या घरचं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि असाइनमेंटमध्ये मात्र एकालाही स्वतःहून क्लास लिहिता आला नाही. तर आता हे शिकवायचं कसं, की या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (ओओपी) शिकवायचंच नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी स्वतः आर्किटेक्ट आहे, बरीच वर्षं बिम (इमारतीचं सगळ्या माहितीसकट केलेलं डिजिटल मॉडेल) आणि स्क्रिप्टिंगचं काम करतेय आणि हाच विषय आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवते. माझ्या मते तुमची मुलं 'क्लास म्हणजे काय' इथे अडकलेली नाहीत. त्यांना क्लासची गरज पडेल असं काही तुम्ही अजून त्यांच्यासमोर ठेवलेलंच नाही, खरी अडचण ती आहे. बँक अकाउंटमध्ये पैसे भरले-काढले हे त्यांनी कधी डिझाइन केलेलं नाही आणि पुढेही करणार नाहीत, मग तो कोड क्लासमध्ये लिहिला काय आणि फंक्शनमध्ये लिहिला काय, त्यांना काय फरक पडतो. दुसरं म्हणजे ही मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून ऑटोकॅडचे ब्लॉक, स्केचअपचे कॉम्पोनंट, रेव्हिटच्या फॅमिली (एकदा बनवून हव्या तितक्या वेळा ठेवायचे तुकडे) वापरतायत, म्हणजे ऑब्जेक्ट हाताळायची सवय त्यांना तुमच्या कॉम्प्युटर सायन्सच्या (सीएस) मुलांपेक्षा जास्त आहे. ती सवय वर उचलून आणायची आणि तिला कोडमध्ये जागा द्यायची, एवढंच काम आहे.

ब्लूप्रिंटचं उदाहरण का चालत नाही तेही सांगते, कारण सगळ्या ट्युटोरियलमध्ये तेच असतं आणि आर्किटेक्चरच्या वर्गात ते सगळ्यात जास्त घोटाळा करतं. या मुलांसाठी ड्रॉइंग म्हणजे एका विशिष्ट बिल्डिंगचं ड्रॉइंग, एका प्लॉटवरचं, एका क्लायंटचं. एकाच ड्रॉइंगवरून शंभर घरं काढायची हे त्यांच्या डोक्यात नसतं. आणि घर बांधून झालं की ड्रॉइंगचा आणि घराचा संबंध संपतो, ड्रॉइंगवर उद्या काही खोडलं म्हणून घराची भिंत हलत नाही. पायथनमध्ये तसं नसतं, ऑब्जेक्ट तयार झाल्यावरही तो आपल्या क्लासला धरून असतो, मेथड (क्लासमध्ये लिहिलेली फंक्शन) क्लासमध्येच शोधल्या जातात, क्लासवर ठेवलेली किंमत बदलली तर स्वतःची वेगळी किंमत नसलेल्या सगळ्या ऑब्जेक्टना ती बदललेली दिसते. शिवाय ड्रॉइंग स्वतः काही करत नाही, मेथड मात्र करतात. म्हणजे उदाहरण ओळखीचं आहे पण नेमक्या महत्त्वाच्या तीन जागी चुकीचं आहे, आणि हुशार मुलगा ते जितकं मनावर घेईल तितका जास्त गोंधळेल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. मुलांनी वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीचं सविस्तर ड्रॉइंग) केलेलं असलं पाहिजे, त्याआधी हे शिकवू नका, म्हणून तिसरं वर्ष बरोबर आहे, दुसऱ्याच्या सुरुवातीला मी हे घेणार नाही. कॉलेजात कोणतं सॉफ्टवेअर चालतं यावरही बरंच ठरतं. स्टुडिओ सगळा ग्रासहॉपरवर (रायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं, डबे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन) चालत असेल तर तिथे डेटा वायरमधून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वाहतो, तो विचारच वेगळा आहे, तिथे लिस्ट आणि डेटा ट्री नीट शिकवलं तर मुलांचं जास्त भलं होईल आणि क्लास लिहायला नाही शिकवले तरी बिघडत नाही. रेव्हिट किंवा आयएफसीवर (बिम मॉडेलची देवाणघेवाण करायचा खुला फाइल फॉरमॅट) काम होणार असेल तर मात्र ऑब्जेक्टशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. आणि तास किती उरलेत? चार-पाचच लेक्चर उरली असतील तर मी जे खाली लिहितेय त्यातलं इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास काढणं) सरळ गाळा.

आता मूळ मुद्दा. दारं-खिडक्यांचं शेड्यूल, म्हणजे त्यांच्या मापांचा तक्ता, घ्या. प्रत्येक मुलाने ते हाताने भरलेलं असतं, डी-१ मेन डोअर १००० बाय २१०० मिलिमीटर, डी-२ बेडरूम ९०० बाय २१००, डी-३ टॉयलेट ७५० बाय २१००, मग डब्ल्यू-१, व्ही-१ वगैरे, आणि शेवटच्या कॉलममध्ये नग. हे शेड्यूल त्यांना आधी क्लास न वापरता, जे येतंय त्यातच करायला सांगा. मुलं काय करतात तर एक लिस्ट रुंदीची, एक उंचीची, एक मटेरियलची, एक खोलीच्या नावाची, आणि पाचव्या नंबरचं दार म्हणजे प्रत्येक लिस्टमधली पाचवी जागा. चालतं. मग सांगा की क्लायंटने स्टोअररूम काढून टाकली, तिचं दार काढा. आता चार लिस्टमधून एकेक आयटम काढायचा, एका लिस्टमधून काढायचा राहिला की त्याच्या पुढची सगळी दारं सरकतात आणि टॉयलेटचं दार सागवानी होतं. हे त्यांच्या स्क्रीनवर, त्यांच्याच प्लॅनमध्ये झालं पाहिजे. तुम्ही सांगून उपयोग नाही. त्यानंतर जेव्हा तुम्ही म्हणाल की एका दाराची सगळी माहिती एकत्र बांधून ठेवता येते, तेव्हा त्यांना क्लास हवा असतो. घाई करून हा टप्पा गाळू नका, माझ्या अनुभवात सगळं शिकणं इथेच होतं, पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं.

आता पुढे जो खड्डा आहे तिथे सीएसकडून आलेले शिक्षक हमखास पडतात. तुम्हाला वाटेल की दार हा मूळ क्लास, आणि डी-१, डी-२, डी-३ हे त्याचे सबक्लास, म्हणजे त्याच्यावरून काढलेले उपक्लास. चुकूनही असं करू नका. डी-१ हा क्लास नाही, डी-१ हा ऑब्जेक्ट आहे. क्लास दोन लागतात. एक 'दारप्रकार', ज्याच्यात रुंदी, उंची, मटेरियल, शटरची जाडी. डी-१, डी-२, डी-३ हे या दारप्रकाराचे तीन ऑब्जेक्ट. दुसरा क्लास 'दार', म्हणजे प्लॅनवर प्रत्यक्ष बसलेलं एक दार, ज्याच्यात ते कोणत्या भिंतीत आहे, उजवं उघडतं की डावं, कोणत्या खोलीत उघडतं, आणि एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा प्रकार कोणता, तो म्हणजे वरच्यापैकी एका ऑब्जेक्टकडे बोट. मग रुंदी हवी असेल तर दार.प्रकार.रुंदी असं विचारायचं. ही तीन नावं आणि दोन टिंबं बोर्डवर लिहा आणि थोडा वेळ गप्प बसा. कोणीतरी मागून म्हणतंच, की म्हणजे डी-२ ची रुंदी एकदा बदलली की सगळ्या बेडरूमची दारं बदलणार. हो, बदलणार. आणि एखाद्या दाराचा फक्त हात (उजवं की डावं) बदलायचा असेल तर ते त्या दारापुरतंच बदलणार. रेव्हिट वापरणाऱ्या मुलाला हे लगेच कळतं कारण टाइप पॅरामीटर आणि इन्स्टन्स पॅरामीटर हा फरक तो रोज बघतो, फक्त आजवर त्याला तो सॉफ्टवेअरचा नियम वाटत होता, आता तो स्वतः तसा नियम लिहू शकतो.

डी-१ ला सबक्लास केलं तर काय बिघडतं? उद्या क्लायंटने डी-४ मागितलं तर कोड बदलावा लागतो. डी-१ ऑब्जेक्ट असेल तर शेड्यूलमध्ये एक ओळ वाढते, बस. कोणती गोष्ट कोडमध्ये जाणार आणि कोणती डेटामध्ये, हा निर्णय आर्किटेक्टला पुढे आयुष्यभर लागतो, ऑफिसची लायब्ररी बनवताना, टेम्प्लेट बनवताना. म्हणून मी या एका गोष्टीवर अख्खं लेक्चर घालवते.

याच्या लगेच पुढे कॉपीचा विषय घ्या. मुलं लिहितात दार२ = दार१, मग दार२ चा हात बदलतात आणि दार१ सुद्धा बदलतं. ओरड सुरू होते की पायथनमध्ये बग आहे. इथे स्केचअप उघडा. खुर्चीचा कॉम्पोनंट करा, चार कॉपी मारा, एकीचा पाय आखूड करा, चारही बदलतात. मग एकीवर राइट क्लिक करून मेक युनिक करा आणि पुन्हा बदला, ती एकटीच बदलते. ग्रुपच्या कॉपी केल्या असतील तर असं होत नाही, प्रत्येक कॉपी वेगळी. हे सगळ्यांनी केलेलं असतं, जाणवलेलं असतं. पायथनचं प्रकरण तंतोतंत तसं नाहीये, तिथे दार१ आणि दार२ या दोन कॉपीच नाहीत, एकाच दाराची दोन नावं आहेत, पण 'शेअर केलेलं कुठे आणि वेगळं कुठे' हा प्रश्न विचारायची सवय स्केचअपने लावलेली असते आणि तीच इथे कामाला येते.

मला इथे थोडा इतिहास सांगायला आवडतं, कारण या मुलांना वाटतं की आपण दुसऱ्याच्या घरात पाहुणे आहोत. तसं नाहीये. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला, टीएक्स-२ नावाच्या मशीनवर, लाइट पेनने स्क्रीनवर रेघा काढायच्या. त्यात एक मास्टर ड्रॉइंग काढायचं आणि त्याच्या हव्या तितक्या इन्स्टन्स ठेवायच्या, मास्टर बदलला की सगळ्या इन्स्टन्स बदलायच्या. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी त्याच दशकात सिम्युलेशनसाठी सिम्युला ही भाषा केली आणि क्लास तिथून आले. ॲलन के यांनी या दोन्हींकडून घेतलं आणि १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा उभी राहिली. म्हणजे ऑब्जेक्टच्या विचाराचं एक मूळ सरळ ड्रॉइंगमध्ये आहे. वर्गात एवढं सांगितलं तरी मुलांचे चेहरे बदलतात, खोटं नाही.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ: आधी सुट्या लिस्टचा त्रास, मग दार हा क्लास, मग प्रकार आणि प्रत्यक्ष दार वेगळं, मग शेअर्ड काय आणि स्वतंत्र काय. अजून मेथड आल्या नाहीत हे लक्षात आलं असेल. इथपर्यंत ऑब्जेक्ट म्हणजे माहितीचं गाठोडं आहे, आणि इतकं तर ऑटोकॅडच्या ब्लॉकला ॲट्रिब्यूट लावूनही होतं. खरी नवी गोष्ट म्हणजे ऑब्जेक्ट स्वतःचा नियम स्वतः सांभाळतो, आणि त्यासाठी माझ्याकडे जिन्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

जिना क्लास लिहायला द्या. बाहेरून फक्त फ्लोअर टू फ्लोअर उंची द्यायची आणि एका रायझरची (पायरीचा उभा भाग) कमाल उंची. निवासी इमारतीसाठी नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे रायझर १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि ट्रेड (पाय ठेवायचा आडवा भाग) २५० पेक्षा कमी नको. उंची ३००० असेल तर ३००० भागिले १९० म्हणजे १५.८, वर धरून १६ रायझर, प्रत्येकी १८७.५ मिलिमीटर. डॉगलेग जिना (मध्ये उलट वळून दोन टप्प्यांत, म्हणजे दोन फ्लाइटमध्ये, चढणारा) असेल तर ८ आणि ८, प्रत्येक फ्लाइटमध्ये ट्रेड एकने कमी म्हणजे ७, म्हणजे १७५० ची गोइंग (फ्लाइटची आडवी लांबी). जिन्याची रुंदी आणि दोन्ही बाजूंची लँडिंग १ मीटर धरली तर जिन्याच्या खोलीची आतली लांबी ३७५०. आता क्लायंट म्हणाला सीलिंग जरा उंच हवं, उंची ३१५०. भागाकार १६.६, रायझर १७, प्रत्येकी १८५.३. पण १७ विषम आहे, फ्लाइट ९ आणि ८ अशा पडतात, मोठ्या फ्लाइटमध्ये ८ ट्रेड, गोइंग २०००, आणि जिन्याची खोली ४००० झाली. दीडशे मिलिमीटर उंचीसाठी प्लॅनमध्ये अडीचशे मिलिमीटर गेले, आणि ते शेजारच्या किचनमधून जाणार.

आता मुलांना विचारा, रायझरची संख्या बाहेरून कुणी थेट बदलू शकला पाहिजे का? समजा कुणी जिना.रायझर = १५ लिहिलं आणि रायझरची उंची १८७.५ च राहिली, तर जिना २८१२.५ वर संपतो, स्लॅबच्या जवळजवळ १९० मिलिमीटर खाली. असा जिना अस्तित्वातच येऊ शकत नाही, मग तुमच्या कोडमध्ये तरी तो का यावा? म्हणून रायझरची संख्या साठवायचीच नाही, ती उंचीवरून काढायची, पायथनमध्ये प्रॉपर्टी म्हणून ठेवायची, वाचता येईल पण बाहेरून लिहिता येणार नाही. एन्कॅप्सुलेशन हा शब्द मी यानंतर सांगते, आधी नाही. पुस्तकात त्याची व्याख्या 'डेटा लपवणे' अशी असते आणि मुलांना प्रश्न पडतो की कुणापासून लपवायचं, आपणच तर लिहितोय. जिना केल्यावर तो प्रश्न येत नाही, कारण काय सांभाळायचंय ते त्यांना दिसलेलं असतं.

तिसरा व्यायाम खोलीचा. खोलीला लांबी, रुंदी, आणि तिच्या खिडक्यांची लिस्ट. मेथड एकच, उजेड-वारा पुरेसा आहे का. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये हे प्रमाण हवामानाप्रमाणे बदलतं, दमट उष्ण भागात दारं सोडून उघडणाऱ्या भागाचं क्षेत्र फरशीच्या एक षष्ठांश, कोरड्या उष्ण भागात एक दशांश. ३ बाय ३.६ ची बेडरूम म्हणजे १०.८ चौरस मीटर, खिडकी १.२ बाय १.२ पूर्ण उघडणारी म्हणजे १.४४. एक दशांश म्हणजे १.०८, पास. एक षष्ठांश म्हणजे १.८, नापास. तीच खोली, तीच खिडकी. (प्रत्यक्ष मंजुरीला स्थानिक नियमावली चालते, ते मुलांना बजावून सांगाच.) इथे कुणीतरी उत्साहाने 'दमट खोली' आणि 'कोरडी खोली' असे दोन सबक्लास करतंच. करू देऊ नका, फरक एका आकड्याचा आहे, तो आकडा मेथडला द्या. आणि याच व्यायामात अजून एक गंमतीचा प्रकार होतो, खिडक्यांची लिस्ट कुणीतरी ऑब्जेक्टऐवजी क्लासवरच ठेवतं, मग बेडरूमला लावलेली खिडकी टॉयलेटमध्येही उगवते आणि अख्ख्या घरातल्या खिडक्या सगळ्या खोल्यांत दिसायला लागतात. हा एरर लगेच दुरुस्त करून देऊ नका, पूर्ण वर्गाला प्रोजेक्टरवर दाखवा आणि शोधायला लावा, क्लासवर काय राहतं आणि ऑब्जेक्टवर काय राहतं हे त्यानंतर पुन्हा सांगावं लागत नाही.

पॉलिमॉर्फिझमसाठी एस्टिमेशनचा विषय मदतीला घ्या. २३० ची भिंत आपण घनमीटरमध्ये मोजतो, ११५ ची पार्टिशन चौरस मीटरमध्ये, स्कर्टिंग रनिंग मीटरमध्ये, दारं नगावर. सगळे आयटम एका लिस्टमध्ये ठेवायचे, एकच लूप फिरवायचा, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, 'तुझं माप सांग', आणि प्रत्येकजण आपापल्या युनिटमध्ये उत्तर देतो. दोन्ही भिंतीच आहेत पण मोजायची पद्धत वेगळी, इथे सबक्लास शोभतो, कारण वागणं वेगळं आहे, नुसता आकडा वेगळा नाही. पॉलिमॉर्फिझम इतकं साधं असतं.

मग प्लास्टरची वजावट काढा, यावर वर्गात भांडण होतं आणि ते भांडण व्हायलाच हवं. आयएस १२०० (बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक) प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट नाही, अर्धा ते ३ मध्ये दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट, ३ च्या वर दोन्ही बाजूंची, आणि मग जॅम्ब-सॉफिट-सिल (ओपनिंगच्या बाजूच्या, वरच्या आणि खालच्या आतल्या कडा) मोजून मिळवायचे. म्हणजे ६०० बाय ६०० चा व्हेंटिलेटर ०.३६, काही वजा नाही. डी-१ दार २.१, एक बाजू वजा. १८०० बाय २१०० ची फ्रेंच विंडो ३.७८, दोन्ही बाजू वजा. आता प्रश्न असा, की हा नियम कुठे लिहायचा, दारात, भिंतीत, की प्लास्टरच्या आयटममध्ये? बहुतेक मुलं पहिल्या फटक्यात दारात लिहितात. माझं मत प्लास्टरमध्ये. दाराने फक्त आपलं क्षेत्रफळ सांगावं, त्याला प्लास्टरशी काय देणंघेणं, उद्या विटकामाच्या वजावटीचा नियम आला तर तोही दारातच कोंबणार का? कोणती जबाबदारी कुणाची, हा ओओपीचा गाभा आहे आणि सिंटॅक्सपेक्षा यावर वेळ द्या. आर्किटेक्चरची मुलं यात चमकतात, कारण कोणतं फंक्शन कुठल्या जागेत बसवायचं याचाच विचार ती स्टुडिओत रात्रंदिवस करत असतात.

इनहेरिटन्स मी सगळ्यात शेवटी घेते आणि थोडक्यात घेते. 'बाल्कनी ही खोली आहे का' एवढाच प्रश्न टाका. कुणी हो म्हणून बाल्कनीला खोलीचा सबक्लास केलं तर कार्पेट एरियाची बेरीज करताना तीही मोजली जाते, आणि रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या व्याख्येत स्वतंत्र वापराची बाल्कनी कार्पेट एरियात धरत नाहीत. म्हणजे घर कागदावर मोठं झालं आणि बिल्डरवर केस. मुलं स्वतःच म्हणतात की मग वरती 'जागा' असा क्लास असू दे, त्याच्याखाली खोली वेगळी आणि बाल्कनी वेगळी. छान, तेवढं पुरे. चार-पाच पातळ्यांची उतरंड त्यांना लिहायला लावू नका, ती वाचता आली म्हणजे झालं.

आणि वाचण्यासाठी खरीखुरी उतरंड आहे. कुठलंही छोटं मॉडेल आयएफसीमध्ये एक्सपोर्ट करा आणि ती फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडा. साधी टेक्स्ट फाइल असते, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि नंबर, पुढे आयएफसी-डोअर, आयएफसी-वॉल वगैरे. एक दार शोधायला सांगा. त्या ओळीत त्याचा २२ अक्षरी आयडी दिसतो, नाव दिसतं, उंची-रुंदी दिसते, आणि मध्ये मध्ये दुसऱ्या ओळींचे हॅश नंबर. त्या नंबरांचा, आणि दाराचा स्वतःचा नंबर आणखी कोणत्या ओळींत येतो त्याचा, माग काढत भिंतीपर्यंत पोचायला सांगा. तेव्हा कळतं की दार भिंतीला थेट जोडलेलंच नाही, भिंतीला एक ओपनिंग आहे आणि त्या ओपनिंगमध्ये दार भरलंय, आणि ही नाती स्वतःच वेगळ्या ओळी, वेगळे ऑब्जेक्ट आहेत. त्यातच दाराचा प्रकार हा वेगळा ऑब्जेक्ट आणि दार वेगळा ऑब्जेक्ट, आपण शेड्यूलमध्ये केलं तसंच. मुलांनी हाताने जे लिहिलं तेच जगभरच्या स्टँडर्डमध्ये बघायला मिळतं, याचा त्यांच्यावर फार चांगला परिणाम होतो. रेव्हिट असेल तर पायरेव्हिट किंवा डायनॅमोच्या (रेव्हिटमध्ये स्क्रिप्ट चालवायची साधनं) पायथन नोडमधून एक दार निवडा आणि त्याचा होस्ट, म्हणजे ते कशात बसलंय ते, विचारा, भिंत मिळते. टाइपला तिथे फॅमिली सिम्बॉल म्हणतात आणि बसवलेल्या दाराला फॅमिली इन्स्टन्स. एक सूचना आधीच द्या, रेव्हिट आतून सगळ्या लांब्या फुटात ठेवतं, त्यामुळे ९०० चं दार २.९५ असं दिसतं आणि अर्धा वर्ग कोड चुकला म्हणून खोडत बसतो.

तपासायचं कसं? लेखी परीक्षेत व्याख्या विचारू नका. या मुलांना ज्युरीची सवय आहे, तीच वापरा. प्रत्येकाने आपला कोड मोठ्या अक्षरात प्रिंट करून सॉफ्टबोर्डवर लावायचा, शेजारी त्याच प्लॅनची शीट, आणि बाकीच्यांनी लाल पेन घेऊन विचारायचं, ही माहिती इथे का, हा नियम त्याच्याकडे का नाही. स्क्रीनवर कोड बघताना ही मुलं गप्प असतात, बोर्डवर लावला की बोलायला लागतात, आणि क्लासची रचना दहा फुटांवरून दिसते तशी स्क्रीनवर दिसत नाही.

भाषेचं विचारलंत तर जावा नको, पायथनच ठेवा. रायनो, रेव्हिट, ब्लेंडर, फ्रीकॅड सगळीकडे पायथन चालतं. कॉलेजकडे रेव्हिटची मशीन पुरेशी नसतील तर फ्रीकॅड आणि आयएफसी-ओपन-शेल (आयएफसी फाइल कोडमधून वाचायची लायब्ररी) दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात, त्यावर वरचे सगळे व्यायाम होतात. आणि पुढच्या लेक्चरला लगेच काय करायचं म्हणत असाल तर मुलांना त्यांच्या वर्किंग ड्रॉइंगची शीट घेऊन यायला सांगा, जिच्यावर दारांचं शेड्यूल आहे ती. क्लास हा शब्द त्या दिवशी काढू नका, फक्त चार लिस्ट करायला द्या आणि शेवटच्या वीस मिनिटांत एक दार काढून टाकायला सांगा.